मेगनला दिलेलं आवतण

कार्डिफच्या मराठी मंडळींनी सुप्रभा मोहितेला पहिल्यांदा वेडी म्हटलं ते १९८१च्या जून महिन्यात, मंडळाच्या सहलीत. पुढे इतक्या जणांनी आणि इतक्या वेळा म्हटलं की बाईंना त्याचं काही वाटेनासं झालं. वाटलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

सहल गेली होती ब्लॅक माउंटन्सच्या पायथ्याला, टॅलगार्थ गावाच्या वर, टी-उखाव नावाच्या फार्मवर. वेल्श भाषेत टी-उखाव म्हणजे वरचं घर. आपल्याकडे वरची आळी असते तसंच. तिथे अकरा पोनी होते, पाहुण्यांसाठी आठ खोल्या होत्या, आणि शहरातली माणसं येऊन तिथे आठवडा आठवडा राहायची. अमेरिकेत असल्या ठिकाणाला रँच म्हणतात, आपल्याकडे हल्ली कृषी पर्यटन म्हणतात, वेल्समध्ये ट्रेकिंग सेंटर म्हणत. नाव काहीही द्या. पैसे मोजून चिखलात जायचं, घोड्यावर बसून कंबर धरून घ्यायची आणि घरी येऊन ‘काय हवा होती हो!’ म्हणून सांगत सुटायचं, याला सुट्टी म्हणतात.

मंडळाच्या बायका आळीपाळीने पोनीवर बसून फोटो काढून घेत होत्या. साडी सावरत, किंकाळ्या मारत. सुप्रभाची पाळी आली तेव्हा ती बसलीच नाही. तिने खोगिराचा पट्टा सैल केला, खालची घोंगडी उचलली आणि घोडीच्या पाठीवर हात फिरवला. मानेच्या मुळाशी रुपयाएवढं सोलवटलेलं होतं, ताजं आणि ओलं.

“हिच्यावर कुणी बसायचं नाही,” ती म्हणाली. आधी मराठीत म्हणाली, मग इंग्रजीत म्हणाली, आणि तेही फार्मचा मालक म्हातारा मिस्टर प्रॉसर याच्या तोंडावर.

प्रॉसर चिडला नाही. “तिचं नाव मेगन,” तो म्हणाला. “माझे खांदे आता वर जात नाहीत, बाई. खोगीर दुसऱ्याच्या हाताने चढतं आणि दुसऱ्याचा हात घाईत असतो. या सीझननंतर मी खालच्या कॉटेजमध्ये राहायला जाणार. फार्म भाड्याने देणार.”

“कुणाला?”

“जो घेईल त्याला.”

परतताना बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. सुप्रभा खिडकीतून मागे सरणारा डोंगर बघत होती. घराचं कुलूप काढता काढता नवऱ्याला म्हणाली, “अहो, मी घेते तो फार्म.”

डॉक्टर पद्माकर मोहिते हा माणूस अतिशय शांत. व्यवसायाने भूल देणारा डॉक्टर; लोकांना झोपवायचं आणि आपण जागं राहायचं, असं त्याचं आयुष्य. १९६३ साली तो या देशात आला. त्याच्या हाताखाली शिकलेले गोरे कन्सल्टंट होऊन त्याच्या डोक्यावर बसले, तरी याच्या तोंडून ‘हूं’ नाही की ‘चूं’ नाही. ड्यूटीचा फोन आला की ‘येस, ऑफ कोर्स’. त्या दिवशीही तो रागावला नाही. चहा टाकला, दोन कप भरले आणि म्हणाला, “तीन सीझन. तीन सीझनमध्ये फार्म स्वतःच्या पायावर उभा राहिला तर राहा. नाहीतर माझ्याबरोबर कार्डिफला परत यायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?”

“कबूल,” सुप्रभा म्हणाली.

मंडळात बातमी गेली आणि कल्ला झाला. वीणाताईंनी तर फोन करून विचारलं, “अगं, डॉक्टरची बायको तू, शेण काय काढतेस?” “शेण नाही हो, लीद,” सुप्रभा म्हणाली, “आणि तुम्हाला गुलाबाला हवी असेल तर पोतंभर पाठवते.” मुलगी शिल्पा मँचेस्टरला शिकत होती. जन्म इथला, मराठी मोडकी. ती फोनवर म्हणाली, “आई, तू वेडा झाला का?” घरचंही मत पडलं.

पण सुप्रभा काही हवेत उडी मारत नव्हती. ती कराडकडची, शेतकऱ्याची लेक. वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या, दावणीला पाखऱ्या आणि हौशा नावाचे दोन बैल होते आणि त्यांच्या पायांत तिचं बालपण गेलं. चौदा वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात फायली लावल्या, तिथे तिला जनावराचा वास यायचा नाही, याचंच तिला वाईट वाटायचं. तात्यांचं एक म्हणणं होतं. पोळ्याच्या दिवशी बैलाला औताला लावायचं तर सोडाच, त्याच्यावर साधा आवाजसुद्धा चढवायचा नाही. “तीनशे चौसष्ट दिवस तो आपलं ऐकतो,” तात्या म्हणायचे. “एक दिवस आपण त्याचं ऐकलं तर काय आपला बाप मरतो?”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तात्या कोमट तुपात हळद कालवून बैलांचे खांदे चोळायचे, जिथे जू बसतं तिथे. चोळून झालं की कानाशी वाकून म्हणायचे, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” एकदा आवतण दिलं की दिलं. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला कुणी उद्या सकाळी नांगर ओढायला सांगतं का?

टी-उखावला बाईंनी स्वतःचे नियम लावले. पाहुणा लंडनचा असो नाहीतर लिव्हरपूलचा, सकाळी उठून आपल्या पोनीला आपण खरारा करायचा. त्याशिवाय रिकिबीत पाय घालायला मिळणार नाही. खोगीर सुप्रभा स्वतः चढवणार. पाठीला जरा ओरखडा दिसला की तो पोनी त्या दिवशी घरी. पाहुणे कुरकुर करायचे आणि आठवड्याने जाताना त्याच पोनीच्या गळ्यात पडून रडायचे. मेगनची पाठ बरी झाली, अंग भरलं. प्रॉसर खालच्या कॉटेजमधून चालत यायचा, फाटकावर हात टेकून बघत उभा राहायचा आणि परत खाली जायचा.

पहिल्या वर्षी पोळा आला गुरुवारी, एक गट जाऊन दुसरा यायच्या मधल्या दिवशी; दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. फार्म रिकामाच होता. बैलाचा खांदा तशी पोनीची पाठ, असं म्हणून सुप्रभाने पोनींच्या पाठी चोळल्या, आवतण दिलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी दिली. घोड्याला पुरण बाधतं, पोटदुखीने लोळायला लागतो, म्हणून ओटचं पीठ आणि गूळ घालून जाड पोळ्या केल्या. कुणाला कळलंही नाही आणि कुणाचं काही बिघडलंही नाही.

बिघडलं ते तिसऱ्या वर्षी.

पाहुणे तिच्याकडे आपोआप येत नव्हते. लंडनची एक हॉलिडे कंपनी होती, तिच्या जाड रंगीत माहितीपुस्तकात टी-उखावचं अर्धं पान असायचं. चारातले तीन पाहुणे त्या अर्ध्या पानावरून यायचे. पान गेलं की फार्म गेला, इतका सरळ मामला. आणि या तिसऱ्या सीझनला, १९८४ सालच्या ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून येणाऱ्या सोमवारच्या सरकारी सुट्टीला, कंपनीने पंधरा जणांचा गट पाठवला होता. रविवारी डोंगराच्या माथ्यापर्यंत दिवसभराचा ट्रेक, अकरा जण पोनीवर आणि चौघं पायी, आळीपाळीने. कंपनीचे मिस्टर हॅलम फोटोग्राफर घेऊन येणार, पुढच्या वर्षीच्या पुस्तकासाठी फोटो काढणार. अर्ध्याचं पूर्ण पान करणार होते म्हणे!

बुकिंग झालं जानेवारीत. पुण्याच्या नणंदेने बोटीने पाठवलेलं मराठी कॅलेंडर आलं मार्चमध्ये. सुप्रभाने ते खिळ्याला टांगलं आणि एक ऑगस्टला पान उलटेपर्यंत पुढे पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा हातातला चमचा खाली पडला. पोळा रविवारी, सव्वीस तारखेला. बरोब्बर त्याच दिवशी!

पद्माकर शनिवारी-रविवारी फार्मवर यायचा. तिने त्याला कॅलेंडर दाखवलं.

“मंगळवारी कर,” तो म्हणाला. “गट सोमवारी जातोय. पोनींना काय कळतंय अमावास्या कधी आहे ते? आपलं मंडळ संक्रांत शनिवारी करतं, दसरा शनिवारी करतं, गणपतीसुद्धा हॉल कधी मिळतो ते बघून बसवतं. देवाने चालवून घेतलं, घोडा चालवून घेईल.”

मंडळाच्या या शनिवारच्या सणांवर सुप्रभाचा पहिल्यापासून राग. म्हणे वर्किंग डेला जमत नाही! पण तीन सीझनचा शब्द डोक्यावर होता. ती म्हणाली, “बरं, मंगळवारी.” पेनने सव्वीसवरून अठ्ठावीसवर बाण काढला. तो बाण तिला पुढचे तीन आठवडे दिसत राहिला.

शनिवारी दुपारी गट आला. सगळे भले लोक होते, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. संध्याकाळी छोटी फेरी झाली, पोनी परत आले, खोगिरं उतरली. मेगनच्या पाठीवर, तिथेच, जुन्या जखमेच्या जागी, केस जरा विस्कटलेले दिसले. जखम नव्हती. पण सुप्रभाचा जीव राहीना. तिने स्वयंपाकघरातून वाटीत तूप कोमट करून आणलं, चिमूटभर हळद कालवली आणि चोळायला घेतलं. मेगनने मान खाली घातली, डोळे मिटले. बाहेर पाहुण्यांचं हसणं चाललेलं, तबेल्यात गवताचा वास, हाताला गरम पाठ, तूप आणि हळद. हात चोळत राहिले आणि तोंड आपोआप बोलून गेलं.

“आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

बोलली आणि थबकली. अगं बाई! हे काय केलं मी?

शब्द परत घेता येतो का? माणूस असता तर हातापाया पडून सांगता आलं असतं, की बाबा रे, चुकून बोलले, मंगळवारी ये. घोडीला काय सांगणार? ती तर ऐकून घेऊन मोकळी झाली होती. सुप्रभा गवताच्या पेंढीवर बसली. डोळ्यांसमोर अर्धं पान आलं, नवऱ्याचा शांत चेहरा आला, कार्डिफचं ते रेकॉर्डचं तळघर आलं. हंबरडा फोडावासा वाटला. आणि मग तिला तात्या आठवले आणि तिला स्वतःचाच राग आला. कुणाला घाबरतेयस गं? एका पुस्तकाच्या पानाला? तीन वर्षं ही जनावरं तुझ्या शब्दावर डोंगर चढली, आणि तुझा शब्द एक दिवस टिकत नाही?

ती उठली. एकीला आवतण आणि दहा जण तसेच, हा कुठला न्याय! तिने वाटीत आणखी तूप घातलं आणि उरलेल्या दहाही पोनींच्या पाठी चोळून प्रत्येकाच्या कानाशी वाकून आवतण दिलं. शेवटच्या ड्यूकला देताना तिचा आवाज चांगला खणखणीत झाला होता.

रात्रीच्या जेवणाला तिने पंधरा जणांना उभं राहून सांगितलं, “उद्या ट्रेक होणार नाही. उद्या आमच्या पोनींची सुट्टी आहे. तुम्ही त्यांना अंघोळ घालाल, सजवाल, त्यांच्यानंतर जेवाल. सोमवारी पहाटे निघून माथा गाठू. चालत जायचं असेल त्यांनी उद्या खुशाल जा, डोंगर पळून जात नाही.” काही जण हसले, त्यांना विनोद वाटला. एक बँकेतला गृहस्थ लालबुंद झाला. “मी घोड्यासाठी पैसे दिलेत,” तो म्हणाला. “तुम्ही खोलीसाठी, जेवणासाठी आणि घोड्याच्या सोबतीसाठी दिलेत,” सुप्रभा म्हणाली. “सोबत मिळेल.”

पद्माकर रविवारी सकाळी आला, रात्रभराची ड्यूटी करून, तांबारलेल्या डोळ्यांनी. स्वयंपाकघरात बघतो तो एका परातीत पुरण, एका परातीत ओटची कणीक, आणि बायको लाटणं घेऊन उभी. त्याला काही विचारायची गरजच पडली नाही.

“मंगळवारी करायचं ठरलं होतं,” तो हळू म्हणाला.

“आवतण गेलं तोंडातून.”

“कुणी ऐकलं?”

“मेगनने ऐकलं.”

“सुप्रभा, शुद्धीवर ये. हॅलम अकराला पोचतोय. पान गेलं तर फार्म गेला. तुझाच फार्म! मी काही तुला कोंडायला निघालेलो नाही. एवढासा अ‍ॅडजस्ट केलं असतंस तर काय झालं असतं? आपण या देशात आलो ते अ‍ॅडजस्ट करतच ना?”

लाटणं ओट्यावर आपटलं.

“हो, आलो! तुम्ही किती केलंत ते सांगू? एकवीस ख्रिसमस झाले, एकवीसच्या एकवीस तुम्ही ड्यूटीवर. का, तर डॉक्टर मोहिते हिंदू आहेत, त्यांना ख्रिसमसचं काय! बरं, मग दिवाळीला तरी सोडलं? नाही. दिवाळी कॅलेंडरात नाही त्यांच्या. शिल्पाच्या बारशाच्या दिवशी तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये होतात. तुमच्या आईंची बातमी आली त्या दिवशीही तुम्ही आधी ऑपरेशनांची लिस्ट संपवलीत आणि मग रडलात, गाडीत बसून. एकवीस वर्षांत एका तरी माणसाने तुम्हाला म्हटलं का, की डॉक्टर, आज राहू द्या, आज या, बसा, जेवा? त्यांना तुमची पाठ दिसतच नाही हो! घोंगडी उचलून बघायला कुणी येत नाही! आणि तुम्ही मला सांगताय, त्या मुक्या जिवांनाही तसंच राबव म्हणून? मी नाही राबवणार. फार्म जातो तर जाऊ दे. मी फायली लावीन, भांडी घासीन, पण आज त्यांच्या पाठीवर खोगीर चढणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे!”

पद्माकर खुर्चीवर बसून राहिला. चहा त्याच्यासमोर गार झाला.

अकराला हॅलम आला. तोपर्यंत अंगणात वेगळंच दृश्य होतं. पोनी धुऊन चकचकीत, आयाळीत रानफुलं आणि लोकरीचे गोंडे, कपाळाला हळदीचे पट्टे. दहा पाहुणे बाह्या सरसावून ओलेचिंब. पोळीचं ताट घेऊन सुप्रभा मेगनसमोर उभी. बँकवाला आणि त्याचे चार सोबती तेवढे बॅगा भरून बाजूला बसले होते.

“मिसेस मोहिते, फारच छान,” हॅलम म्हणाला, “फोटोग्राफरला आवडेल. आता खोगिरं चढवू या का? ढग येण्याआधी माथ्यावरचा फोटो हवा.”

“आज चढणार नाहीत.”

त्याने आधी समजावलं, मग करार दाखवला, मग आवाज चढवला. सुप्रभाने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, “हळू बोला. आज त्यांच्यासमोर ओरडायचं नाही.” हॅलमने कपाळावर हात मारून घेतला. इतक्यात प्रार्थनेहून परत येणारा प्रॉसर, काळा सूट, काळी हॅट, फाटकापाशी थांबला. हॅलम त्याच्याकडे वळला, “तुम्ही तरी सांगा हो! फार्म तुमचा आहे.”

प्रॉसरने हॅट काढली. “माझ्या वडिलांच्या काळात या खोऱ्यात रविवारी घोड्याला हात लावत नसत,” तो म्हणाला. “तुमच्या पुस्तकासाठी मी लावायला लागलो. मी तिला काय तोंडाने सांगू?”

मग हॅलमला दारात उभा पद्माकर दिसला. सूट, टाय, चष्मा. हॅलमला धीर आला. “डॉक्टर,” तो म्हणाला, “तुम्ही समंजस माणूस दिसता. मिसेसना जरा समजवा.”

पद्माकर पायऱ्या उतरला.  एकवीस वर्षांत त्याने कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. तो हॅलमच्या शेजारून गेला, तिच्या शेजारून गेला, तबेल्याच्या भिंतीशी खोगिरं टांगलेली होती तिथपर्यंत गेला. खोगिराखालच्या दोन बादल्या उचलल्या, नळाखाली भरल्या आणि एक मेगनसमोर, एक ड्यूकसमोर आणून ठेवली. नव्या पँटवर पाणी सांडलं. मग तसाच आत जाऊन झोपला.

“तुमचं पान गेलं असं समजा,” हॅलम म्हणाला.

“समजले,” सुप्रभा म्हणाली. “जेवून जा. पुरणपोळी आहे. पण पोनींचं आधी होईल.”

तो जेवायला थांबला नाही. बँकवाला आणि त्याचे सोबती आपापल्या गाड्यांतून गेले. फोटोग्राफर मात्र थांबला आणि तीन पोळ्या खाऊन गेला.

पान खरंच गेलं. पुढचा सीझन असा गेला की देव वैऱ्यालाही दाखवू नये. आठ खोल्यांपैकी सहा रिकाम्या. सुप्रभाने हिवाळाभर टॅलगार्थच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले आणि त्यातून पोनींचं गवत आणलं. वीणाताईंनी ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हणून घेतलं. म्हटलं होतं, कबूल. तीन सीझनची मुदत कधीच संपली होती. प्रत्येक शनिवारी पद्माकर आला की सुप्रभाला वाटायचं, आज हा विषय काढणार. त्याने तो कधीच काढला नाही. यायचा, सूट उतरवायचा, बादल्या भरायचा.

मग तिने स्वतःचं पत्रक छापलं. एक साधा कागद, दोन घड्या. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक दिवस आमचे पोनी काम करत नाहीत. तो दिवस चंद्र ठरवतो. चालणार नसेल तर कृपया दुसरीकडे जा.’ छापणारा म्हणाला, “बाई, गिऱ्हाइकाला हाकलायचं पत्रक मी आजवर छापलं नाही.” पण गंमत अशी की हाकलल्यावर लोक यायला लागले. आधी ते थांबलेले दहा जण मित्रांना घेऊन आले. मग ईलिंगची, लेस्टरची कुटुंबं, हॉस्पिटलांतले डॉक्टर पोराबाळांसकट. मंडळाची सहलही आली, वीणाताई गमबूट घालून मेगनला खरारा करताना सगळ्यांनी पाहिल्या. फार्म हळूहळू उभा राहिला. थाटात नाही, पण स्वतःच्या पायांवर.

१९९३ साली तीच कंपनी परत आली. माणूस नवा, कोट भारी. त्यांना आता ‘पोनी फेस्टिव्हल’ हवा होता, पूर्ण दोन पानं देऊन. अट एवढीच की तारीख दरवर्षी बँक हॉलिडेचा सोमवार, आणि पाहुण्यांनी सजवलेल्या पोनींवर बसून मिरवणूक काढायची.

“बसायचं नाही, हाच तर सण आहे!” सुप्रभा म्हणाली. त्याला काही कळलं नाही. तिने त्याला चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवलं.

पंचाण्णव साली पोळा पुन्हा बँक हॉलिडेला येऊन टेकला, त्याच्या अलीकडच्या शुक्रवारी. पद्माकर जूनमध्येच निवृत्त झाला होता आणि कायमचा टी-उखावला राहायला आला होता. निरोपसमारंभात हॉस्पिटलने त्याला घड्याळ दिलं. निवृत्तीनंतरही फोन यायचेच. माणूस कमी आहे, दोन दिवस येता का? आणि हा जायचा. ‘येस, ऑफ कोर्स.’ सवय हो, दुसरं काय!

गुरुवारी संध्याकाळी सुप्रभाने अकरा पाठी चोळल्या. मेगन आता पाठीवर कुणाला घेत नव्हती, तिला तिने सगळ्यात आधी आवतण दिलं. प्रॉसर नव्हता, गेल्या वर्षीच गेला. वाटीत थोडं तूप उरलं होतं. अंगणातल्या बाकावर पद्माकर बसला होता, डावा खांदा धरून. वर्षभर तो खांदा आखडला होता आणि त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

“बघू,” सुप्रभा म्हणाली. तिने त्याची कॉलर मागे सारली आणि हळद-तुपाचे हात त्याच्या खांद्यावर ठेवले. हाडं लागली हाताला. किती वाळला होता! ती बराच वेळ चोळत राहिली. त्याने मान खाली घातली, डोळे मिटले. मग ती वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली,

“आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात आत फोन वाजला. तो उठला, तिच्या मनात आलं, झालं, निघाले हे. ती वाटी हातात घेऊन दारापर्यंत गेली. पलीकडचा आवाज तिला कळत नव्हता, पण काय बोलणं चाललंय ते बत्तीस वर्षांत पाठ झालं होतं. बँक हॉलिडे आहे, उद्यापासून चार दिवस, कुणीच नाही, डॉक्टर मोहिते, तुम्ही कधी नाही म्हणत नाही.

“नाही,” पद्माकर म्हणाला.

पलीकडे बहुधा ऐकू आलं नसावं. त्याने पुन्हा सांगितलं, नेहमीच्याच शांत आवाजात.

“नाही. उद्या मला जमणार नाही. मला जेवायला बोलावलंय.”

फोन ठेवून तो बादल्या भरायला गेला.